स्टिअरिंगवरची निळी पट्टी

लष्कराच्या डेपोत बत्तीस वर्षं भांडारपाल राहिलेल्या माणसाची एक खोड निवृत्तीनंतरही जात नाही: डोळ्यांनी पाहिलेलं यादीतून गाळायचं नाही. बायको त्याला यादीराव म्हणायची, तेही माहेरच्यांसमोर.

यादीरावांनी उभ्या आयुष्यात एकच गोष्ट गाळली होती. थोरला भाऊ लष्करात ट्रक चालवायचा. ट्रक दरीत कोसळला, भाऊ गेला, आणि दोन महिन्यांनी तोच ट्रक भंगार म्हणून यादीरावांच्या डेपोत आला. त्यांनी तो दिवसभर तपासला, कागदावर सही केली आणि घरी येऊन वहिनीला सांगितलं, "ट्रक सापडलाच नाही." ड्रायव्हरच्या दाराचा झालेला चेंदामेंदा तिच्या नजरेला पडू नये, एवढाच हेतू. वहिनी दरवर्षी एकदा विचारायची, "भाऊजी, गाडीत त्यांचं काही सामान मिळालं का हो?" आणि भाऊजी दरवर्षी म्हणायचे, "गाडीच नाही, तर सामान कुठलं?" एकोणीस वर्षं हे खोटं कोरड्या गोदामातल्या मालासारखं टिकलं.

यंदा वहिनीने नवऱ्याच्या ट्रकसोबतच्या फोटोशेजारी ठेवायला तसाच छोटा ट्रक मागितला. यादीरावांनी महिनाभर खपून केला, खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याचा. आधी हिरवा कोरा. मग स्पंजाच्या तुकड्याने टिपून कडांवर रंग उडाल्यासारखं केलं, सांध्यांत पातळ तपकिरी रंग सोडला, चाकांवर खडूची पूड चोळली.

"नवं करायचं आणि मग मळवायचं!" बायको म्हणाली. "हीच हौस असेल तर मोरीत या. भांडी आयतीच मळलेली आहेत."

दार मात्र त्यांनी धडधाकट ठेवलं. त्यांच्या मते तेवढ्याने सगळं झाकलं होतं.

वहिनी आली. चष्मा लावून टेबलाशी बसली. "मडगार्डला पोचा. हो, फोटोत आहे," ती पुटपुटली. मग काचेतून आत बघत थांबली.

"भाऊजी, स्टिअरिंगला हे निळं काय?"

"पट्टी. हात सटकू नये म्हणून गुंडाळतात."

"पांढऱ्या रेघांची?"

यादीरावांच्या हातातला ब्रश तसाच राहिला. फोटोत पट्टी नव्हती.

"माझ्या उशीच्या अभ्र्याची आहे ती," वहिनी म्हणाली. "शेवटच्या सुट्टीत आम्ही भांडलो. ते न बोलता गेले. मग मी या पट्टीचं पार्सल पाठवलं. मिळालं म्हणून पत्र आलंच नाही. तुम्हाला कुठून कळलं?"

अंदाज, असं म्हणता आलं असतं. बायको दाराशी कपबशी घेऊन उभी होती. तिने मान हलवली, आता खोटं नको म्हणून.

"ट्रक आला होता, वहिनी. मीच मोडीत काढला. ड्रायव्हरच्या दाराचा चेंदामेंदा झाला होता, म्हणून बोललो नाही."

"आणि पट्टी?"

"नीट गुंडाळलेली. दोन्ही टोकांना गाठी. मळलीही होती, हाताने. बरेच दिवस वापरलेली."

वहिनीने चष्मा काढला. बराच वेळ पुसला.

"म्हणजे मिळालं होतं," ती म्हणाली. नंतर, आवाज न चढवता, "एकोणीस वर्षं, भाऊजी."



वहिनीने ट्रक त्यांच्याकडे सरकवला. "दार होतं तसं करा. मग नेईन."

"उद्या करतो."

"आत्ता. मी बसलेय."

यादीरावांनी पक्कड उचलली.