म्हातारी गाडी आणि ताईंची मान

ताई उंच होत्या. म्हणजे चांगल्याच उंच. शाळेत वर्गाच्या फोटोत त्यांना कायम शेवटच्या रांगेत उभं केलं, आणि लग्नाच्या फोटोत मात्र खाली बसवलं, कारण नवरदेव त्यांच्या खांद्याला जेमतेम लागत होते. माहेरी भावंडं त्यांना शिडी म्हणत, आणि माळ्यावरचा डबा काढायचा असला की तेच लाडाने म्हणत. या सगळ्यातून ताईंना एक सवय लागली. दार आलं की मान खाली. दार कितीही उंच असलं तरी मान खालीच.

त्यांचं बायकांचे केस कापायचं दुकान होतं. दुकान म्हणजे कापडाच्या एका गोदामात पोटमाळ्याखालची चिंचोळी जागा. गिऱ्हाईक खुर्चीत बसतं, त्याला छत वर असलं काय नि खाली असलं काय. उभं राहायचं ताईंना. त्या दिवसभर मान एका बाजूला टाकून केस कापत आणि रात्री मानेखाली गरम पाण्याची पिशवी घेऊन झोपत. कुणी विचारलंच तर म्हणत, सवय आहे.

मग गोदामवाल्याला माळ्याखालीसुद्धा तागे रचायची वेळ आली. माणूस सज्जन होता, त्याने चांगली मुदत देऊन जागा मागितली. ताईंचा चेहरा उतरला. त्यांची गिऱ्हाइकंही त्यांच्याबरोबरच म्हातारी होत चालली होती. कुणाचा गुडघा बोलत होता, कुणाला रस्ता ओलांडायची भीती वाटत होती. नवं दुकान लांब घेतलं तर यातलं एकही आलं नसतं.

"गिऱ्हाईक येत नसेल तर आपण जावं," सासूबाई म्हणाल्या. "दुकानाला चाकं लाव."

सासूबाई हे भाजी निवडता निवडता बोलल्या आणि विसरूनही गेल्या. पण त्यांच्या मुलाने ते मनावर घेतलं. ताई नवऱ्याला चारचौघांत अहो म्हणत आणि घरातही अहोच म्हणत, म्हणून आपणही त्यांना अहोच म्हणू. अहोंचं पडद्यांचं दुकान होतं. टेप त्यांच्या खिशात कायम असे. कुणाच्या घरी पाहुणे म्हणून गेले तरी खिडकी दिसली की हात खिशाकडे जाई. त्यांनी एका संध्याकाळी बसमधल्या सलूनचा नकाशा काढला, त्यात खिडक्या नको तेवढ्या होत्या, आणि आईला म्हणाले, "मामाकडे ती जुनी बस पडून आहे ना?"

मामा म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ. त्यांचं गॅरेज होतं. त्यांना काहीही विचारा, ते आधी "बघतो" म्हणत, म्हणून सगळ्या नात्यात त्यांचं नाव बघतोमामा पडलं होतं. गॅरेजच्या मागे एक बस उभी होती. एकेकाळी तिने शहरातली माणसं कामावर नेली-आणली होती, आता तिच्या पोटात टायर आणि नळ्या होत्या. मामा तिला म्हातारी म्हणत.

"इंजिन कसंय?" अहोंनी विचारलं.

"बघतो," मामा म्हणाले.

त्यांनी चावी फिरवली. म्हातारी खोकली, थांबली, पुन्हा खोकली आणि चालू झाली. सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात सासूबाईंनी आत चढून छत्री टेकवली, ती तळाच्या पत्र्यातून आरपार खाली गेली आणि तिथेच अडकून बसली. खाली झोपलेल्या मांजराने टोक धरलं. वरून सासूबाई ओढतायत, खालून मांजर ओढतंय. शेवटी सासूबाईंनी छत्री सोडली आणि मामांनी तोंड उघडलं.

"तळ गेलाय. सगळा काढून नवा घालावा लागेल. दारही बदलावं लागेल. इंजिन खोकतं, पण जगेल. मात्र एवढ्या खर्चात तुम्हाला तरुण गाडी मिळेल. मी तर म्हणतो, हिला भंगारात द्या आणि दुसरी घ्या."

दुसरी त्यांनीच दाखवली. सहलींना जाणारी बस होती, मालकाला विकायची होती. पांढरीशुभ्र, आत गार हवा, डोक्यावर सामानाच्या फळ्या, मंद दिवे. खिडक्यांना जांभळे मखमली पडदे. अहोंनी पडदा दोन बोटांत धरला आणि त्यांचा निकाल तिथेच लागला. मालकाने सगळ्यांना एक फेरी मारून आणली. सासूबाई पुढच्या सीटवर बसून ओळखीच्या माणसांना हात करत होत्या. ताई सवयीप्रमाणे वाकून आत शिरल्या, वाकूनच सीटपर्यंत गेल्या आणि बसल्या. गाडी त्यांनाही आवडली. न आवडायला काही कारणच दिसत नव्हतं. उतरेपर्यंत तिचं नाव नवरी पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी पैसे द्यायचे ठरलं. त्या संध्याकाळी ताई छत्री आणायला म्हातारीत चढल्या. मांजर नव्हतं. छत्री जोरात ओढली तशी ती एकदम सुटली, ताईंचा तोल गेला आणि त्यांनी वरचा दांडा धरला. उभ्या प्रवाशांसाठी असतो तो दांडा. धरून त्या तशाच थांबल्या. उन्हाचा एक पट्टा पत्र्यावर पडला होता. ताईंना बरं वाटत होतं, फारच बरं वाटत होतं, पण कशामुळे ते काही कळेना.

"काय झालं गं सूनबाई?" मामांनी बाहेरून विचारलं.

"काही नाही मामा. आले."

खाली उतरताना त्यांना वाईट वाटलं, आणि त्याचंही कारण सापडेना. भंगारात जाणाऱ्या बससाठी गळा काढायचं त्यांचं वय नव्हतं. त्यांनी छत्री काखेत मारली आणि घर गाठलं.

सकाळी निघताना सासूबाईंनी एक अट घातली. "चप्पल घेताना आपण चार पावलं चालून बघतो. आधी माझे केस त्या गाडीत कापून दाखव, मग पैसे."

नवरीचा मालक हसला, पण त्याने एक सीट फिरवून दिली. ताईंनी सासूबाईंच्या गळ्याभोवती कापड बांधलं आणि उजव्या बाजूने सुरुवात केली. फळीला कोपर लागलं. त्या थोड्या सरकल्या, डोकं छताला टेकलं. मान खाली घातली आणि कापत राहिल्या. उजवी बाजू झाली.

"तुझा श्वास माझ्या कानात का येतोय?" सासूबाईंनी विचारलं.

"वाकलेय ना आई."

"एवढी?" सासूबाई वळल्या. सुनेची हनुवटी छातीला टेकलेली होती आणि कात्री अगदी नाकासमोर. "अगं, दुखत नाही का तुझी मान?"

"सवय आहे," ताई म्हणाल्या.

म्हणाल्या आणि त्यांचा हात थांबला. हे दोन शब्द त्या किती वर्षं म्हणत होत्या. काल दांडा धरून कशामुळे बरं वाटलं ते त्यांना आत्ता कळलं. त्या ताठ उभ्या होत्या, एवढंच तर होतं.

त्यांनी कात्री मिटली. "अहो, मला नको."

ताईंच्या तोंडून 'नको' ऐकायची घरात कुणाला सवय नव्हती. अहोंना वाटलं, चहाबद्दल बोलतायत. मग त्यांना अर्थ लागला.

"अगं, पडदे तरी बघ."

"गार हवा आहे," मामा म्हणाले.

"मला ताठ उभं राहून काम करायचंय," ताई म्हणाल्या. "शाळेपासून वाकतेय मी. फोटोत वाकले, दुकानात वाकले. पहिल्यांदा माझी स्वतःची जागा होतेय. तिथे तरी मला वाकायचं नाही."

सामानाच्या फळ्या काढून टाकता येतील, असं मालक पुटपुटला, पण छत वर नेणं काही त्याच्या हातात नव्हतं. अहोंचा हात खिशात गेला. त्यांनी टेप काढला आणि आडवा धरायचा तो उभा धरला, तळापासून छतापर्यंत. आकडा बघितला. मग बायकोकडे बघितलं, खालून वर, सावकाश.

"मी खिडक्या मोजल्या, सीटा मोजल्या, मधली वाट मोजली," ते म्हणाले. "हेच मोजलं नाही. इतकी वर्षं शेजारी चालतोय तुझ्या." त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते मखमलीला पुसले.

मालकाची माफी मागून वरात म्हातारीकडे निघाली. सासूबाईंचे केस उजवीकडे मानेपर्यंत आणि डावीकडे खांद्यावर, पण त्यांनी कापडसुद्धा सोडलं नव्हतं. ताई भोक चुकवून आत चढल्या, सवयीने वाकल्या, आठवण झाली तशा सरळ झाल्या. केस आणि छत यांच्यात चांगली वीतभर जागा उरली.

"हिच्यात माणसं उभ्याने जायची," मामा कपाळावर हात मारत म्हणाले. "छत वर असणारच की. आणि मी हिला भंगारात घालत होतो."

"केस कापताना करतेस तेवढा हात वर कर," अहो म्हणाले. "कात्रीसकट." ताईंनी हात वर केला. अहोंनी मोजलं, पुन्हा मोजलं आणि हसले.

"तळाचं मात्र बघतो..." मामांनी सुरुवात केली.

"बघू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "कर."

मामांनी केलं. पण त्यांना जाड फळ्यांचा दणदणीत तळ घालायचा होता, आणि जाड तळ म्हणजे तेवढी उंची कमी. अहो रोज पडद्यांचं दुकान लवकर बंद करून टेप घेऊन राखणीला बसू लागले.

"पातळ घातला तर वाजेल रे," मामा म्हणायचे.

"वाजू दे."

"लोक काय म्हणतील, बघतोमामाने असला तळ घातला?"

"मामा, एक बोटसुद्धा वर येऊ देणार नाही मी."

आयुष्यात ज्याने कधी गिऱ्हाइकाशीही घासाघीस केली नाही, तो माणूस बोटाबोटासाठी मामाशी भांडत होता. ताई दुरून बघत आणि त्यांना नवऱ्याचं इतकं कौतुक वाटे की हसू आवरायचं नाही. शेवटी मामांनी आधाराचे सगळे लोखंडी पट्टे खालून मारले आणि वर चांगल्या पत्र्याचा एकच थर घातला. तळ वाजला नाही. मांजराने जागा बदलली.

इकडे सासूबाई अर्ध्या केसांनी हिंडत होत्या. बाकीचे दुसरीकडे कापून घ्या म्हटलं तर खवळायच्या. बाजारात बायका बघायच्या, विचारायच्या, आणि सासूबाई ठसक्यात सांगायच्या, "उरलेले सूनबाईची गाडी तयार झाली की." कोणत्याही पाटीने झाली नसती एवढी जाहिरात झाली. गाडी रंगायच्या आधीच आठवड्याचे सगळे वार गिऱ्हाइकांनी भरले होते.

म्हातारी हिरवी रंगवली, दार नवं बसलं, वरचा दांडा तेवढा ताईंनी काढू दिला नाही. पहिलं गिऱ्हाईक अर्थातच सासूबाई. खुर्चीसमोर अहोंनी आरसा लावला होता, खुर्चीपासून थेट छतापर्यंत. पडदा मात्र एकही नव्हता, त्यांना सुचलाच नाही. ताई मागे येऊन उभ्या राहिल्या. सासूबाई आरशात बघत होत्या. आपलं डोकं, त्याच्या वर सुनेचे खांदे, लांब मान, आणि अगदी वर तिचा चेहरा, समोर बघणारा.

सासूबाईंनी वळून तिला आरशाबाहेरही एकदा नीट बघून घेतलं.

"एवढी देखणी सून आणली होती मी," त्या हळूच म्हणाल्या, "आणि मला दिसली आज."

ताईंना हसू आलं आणि रडूही आलं. दारात अहो टेप हातात घेऊन उगाचच उभे होते. ताईंनी बाहीने डोळे पुसले, मान होती तशीच ताठ ठेवली, आणि डावी बाजू कापायला घेतली.