नवरीच्या तट्टामागे

त्या शनिवारी ऊनाचं लग्न होतं. ऊना म्हणजे फर्करची एकुलती एक मुलगी, आणि फर्कर म्हणजे आर्डलानख इस्टेटीचा रखवालदार. हरणांवर नजर ठेवायची, शिकारीला आलेल्या पाहुण्यांना डोंगरावर न्यायचं, मारलेलं हरीण तट्टाच्या पाठीवर घालून खाली आणायचं, हे त्याचं काम. उरलेल्या वेळात माझ्या अंगावर ओरडायचं, हे दुसरं. मी इस्टेटीच्या फाटकापाशी, जुन्या तबेल्यात, सायकली भाड्यानं देते. जंगलातून वर खिंड, पलीकडे किनव्हीख इस्टेट आणि तळ्याकाठानं परत, असा आमचा फेरा. तो करायला लांबलांबून लोक येतात, आणि फर्करच्या मते त्यातल्या प्रत्येकानं त्याचं एक तरी हरीण उधळून लावलेलं असतं.

"तुझी गिऱ्हाइकं बघून माझी हरणं एक दिवस तळ्यात उड्या टाकतील, एल्स्पेथबाई," तो म्हणायचा.

"मग पोहायला शिकवा त्यांना," मी म्हणायची.

तरी लग्नाचं आमंत्रण मला होतं. ऊनाला डोंगरावर सायकल चालवायला मीच शिकवलं होतं, बापाला पत्ता लागू न देता.

ऊनाचा एकच हट्ट होता. चर्चला जायचं ते डुगलच्या पाठीवर बसून. डुगल म्हणजे फर्करचं ते तट्टू. राखाडी, गोल पोटाचं, आणि कानाशी बंदुकीचा बार झाला तरी निवांत चरत राहणारं. सकाळी त्याच्या आयाळीत पांढऱ्या फिती गुंफल्या. फर्कर चौकड्यांचा किल्ट, म्हणजे आमच्याकडचा पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा घागरा, वर काळा कोट अशा थाटात लगाम धरून माझ्या तबेल्यासमोर उभा राहिला. ऊना आत तयार होत होती. तेवढ्यात नवरदेवाच्या एका मित्रानं फोटोसाठी ड्रोन उडवलं.

डुगलला बंदूक माहीत होती. डोक्यावर भुणभुणणारा गांधीलमाश्यांचा हा आजोबा मात्र त्यानं कधी पाहिला नव्हता. त्यानं मान झटकली, लगाम फर्करच्या हातातून सुटला, आणि गोल पोटाचं ते तट्टू शर्यतीच्या घोड्यासारखं फाटकातून पाइनच्या जंगलात घुसलं.

फर्कर जीपकडे धावला.

"जीप नका घेऊ!" मी ओरडले. "परवाच्या वादळात वाटेवर झाडं आडवी झालीत. पहिल्या वळणाच्या पुढे जाणार नाही."

"मग काय करू? उडू?"

मी त्याच्यापुढे एक सायकल ढकलली. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मी? ह्याच्यावर?"

"चालवता येते ना?"

"लहानपणी चालवायचो. पोस्टमनची. तो चहा पीत असायचा तेव्हा."

"मग झालं तर. फक्त पुढचा ब्रेक एकदम दाबू नका."

मी त्याच्या डोक्यावर हेल्मेट बसवलं. त्यानं किल्ट सावरला, एक शिवी हासडली आणि निघाला. मीही दुसऱ्या सायकलवर चढले.

डुगलची वाट शोधावी लागली नाही. ओल्या मातीत खुरांचे ठसे होते आणि फांद्यांना पांढऱ्या फिती लटकत होत्या. तांबूस बुंध्यांमधून ऊन तिरपं येत होतं, खाली सुयांसारख्या पानांची मऊ गादी, आणि वरच्या अंगाला हरणांचे माजावर आलेले नर डुरकत होते. आडव्या झाडांवरून आम्ही सायकली उचलून नेल्या. चढ लागला तसा मागून फर्करचा भात्यासारखा श्वास ऐकू यायला लागला.

"गिअर बदला!"

"कुठला?"

"कुठलाही! ह्याच्याहून हलका!"

खटखट आवाज झाला, आणि पुढच्याच वळणावर तो माझ्या शेजारून वर निघून गेला. आयुष्यभर डोंगर चढलेले पाय ते. त्यानं मागे वळून पाहिलं. त्या चेहऱ्यावर मी राग सोडून दुसरं काही पहिल्यांदाच पाहत होते.

"ही तर गंमत आहे!" तो म्हणाला. जणू मी ती त्याच्यापासून लपवून ठेवली होती.

खिंडीत पोचलो तर वारा नुसता भणाणत होता. खाली तळं चमकत होतं, पलीकडे किनव्हीखच्या जुन्या वाड्याचा बुरूज दिसत होता. आणि नागमोडी गाडीवाटेवर एक राखाडी ठिपका दुडक्या चालीनं उतरत होता.

"घरी चाललाय लबाड," फर्कर म्हणाला. "किनव्हीखलाच जन्मला तो." मग त्याचा आवाज बदलला. "पण तिथलं खालचं फाटक उघडं असलं तर सरळ मोठ्या रस्त्यावर जाईल. लाकडाचे ट्रक असतात तिथं."

त्याच्या आधी पोचायचं तर एकच वाट होती. आम्ही तिला सैतानाचा जिना म्हणतो. हेदरच्या झुडपांमधून सरळ खाली, पायऱ्यांसारखे दगड, मध्ये मध्ये पाणी.

"तुम्ही वळणावळणानं या. मी उतरते," मी म्हटलं.

"तुझ्या हाती लागायचा नाही तो. माझ्या आवाजालाच येतो."

"मग माझ्या मागोमाग या. सीटवर बसायचं नाही, मागे सरकायचं, पार चाकावर. नजर दगडावर नाही, दगडाच्या पुढे."

"आणि देवाचं नाव?"

"ते आपोआप येतं."

मी सुटले. पहिली पायरी, दुसरी, हँडल उसळतंय, दात वाजतायत, डोळ्यांत पाणी. मागून आरोळी ऐकू आली. गेला बिचारा, असं मला वाटलं. पुन्हा आरोळी, आणखी मोठी. मग कळलं, फर्कर हसत होता. खच्चून, पोट धरून हसावं तसं, फक्त पोट धरायला हात मोकळे नव्हते. शेवटच्या पायरीवर मात्र चाक एकीकडे गेलं आणि तो दुसरीकडे, थेट हेदरमध्ये. मी धावले. तो उठून बसला, दाढीत जांभळी फुलं, गुडघ्यावर रक्त.

"परत वर जायला वेळ आहे का गं?"

"मुलीचं लग्न आहे तुमच्या!"

"हो, हो," म्हणत त्यानं सायकल उचलली.

किनव्हीखच्या मालकीणबाई, म्हाताऱ्या ऑगस्टाबाई, खालच्या फाटकापाशी गमबूट घालून डेलियाची फुलं कापत होत्या. "फाटक!" आम्ही दोघंही एकदमच ओरडलो. त्यांनी काहीही न विचारता लोखंडी फाटक धाडकन लावलं. दुसऱ्याच मिनिटाला लिंडेनच्या झाडांखालून डुगल धावत आला. बंद फाटक बघून थबकला. फर्करनं सायकल टाकली आणि घशातून हलकेच आवाज काढला. डुगलनं कान टवकारले, चार पावलं पुढे आला आणि ऑगस्टाबाईंच्या टोपलीतले डेलिया खायला लागला. फर्करनं त्याच्या गळ्यात हात टाकले.

"किल्ट घालून जिना उतरलास?" ऑगस्टाबाई म्हणाल्या. "गार वाटलं असेल खालून."

फर्कर लाजला. खरंच लाजला.

तोवर तळ्याकाठच्या वाटेनं काहीतरी पांढरं येताना दिसलं. ऊना होती. माझ्या लाल सायकलवर, लग्नाचा झगा कमरेला गुंडाळून, गाल लालबुंद.

"म्हटलं, तुम्ही त्या बाजूनं गेलात तर मी ह्या बाजूनं येते," ती धापा टाकत म्हणाली. "फेराच आहे, कुठंतरी गाठ पडणारच. सापडला ना?"

"सापडला," फर्कर म्हणाला. "पण तुला हे कुणी शिकवलं?"

ऊनानं माझ्याकडे पाहिलं. मी माझा ब्रेक तपासायला लागले.

"हिनं?" फर्कर माझ्याकडे वळला. मी मार खायच्या तयारीत उभी. "आणि मला सांगायला काय झालं होतं? मीही आलो असतो की!"

"बाबा, तू तर सायकलवाल्यांना दुर्बिणीतून शिव्या द्यायचास!" ऊना हसत सुटली.

"तेव्हा मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. मग तिच्या झग्याची गाठ सोडवायला लागला.

ऑगस्टाबाईंनी उरलेले डेलिया तिच्या हातात दिले. ऊना डुगलवर बसली, मी ती लाल सायकल तिथंच ठेवली, आणि आम्ही तळ्याकाठानं निघालो. मध्ये तट्टू, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला चिखलानं माखलेला नवरीचा बाप, पॅडल मारत. चर्चची घंटा कधीची वाजत होती. लोक बाहेर येऊन उभे होते. आम्हाला पाहून एवढा गलका झाला की डुगल पुन्हा बिचकतो की काय, असं वाटलं. नवरदेव पायऱ्या उतरून धावत आला आणि त्यानं ऊनाला अलगद खाली घेतलं.

संध्याकाळी नाचाच्या वेळी फर्कर प्रत्येकाला गाठून तीच हकिगत सांगत होता. प्रत्येक वेळी जिना थोडा आणखी उभा होत होता.

आठवडा उलटला नाही तोच सकाळी तबेल्याच्या दारात तो उभा. गुडघ्याला पट्टी, अंगात जुनी जर्सी.

"आज शिकारीला कुणी नाही," तो म्हणाला. "वरच्या जंगलातून एक वाट मला माहीत आहे. तुला नाही. येतेस?"

मी दार ओढून घेतलं आणि निघाले.