खुंटीवरचा निळा मग

मित्रांनो, कान वाकडा, बुडाचे टवके उडालेले, आत चहाचा न निघणारा डाग, असा हा जुना निळा मग म्हणजे मी. हसू नका. सरकारच्या गुप्त बैठकांना मी बसलोय, तुमच्यापैकी कोण बसलंय?

माझा जन्म इंग्लंडातल्या कारखान्यात झाला. पत्रा ठोकून, मुलामा चढवून मला भट्टीत भाजलं आणि बोटीने पार दक्षिणेला फॉकलंड बेटांवर धाडलं. तिथे इशबेलबाईंच्या स्वयंपाकघरात माझी खुंटी होती. बाहेर वारा आणि मेंढ्या, आत चूल आणि रोजचं मटण. बाईंच्या घरची एक रीत होती. निघताना पाहुण्याने आपला मग धुवायचा. परत येणार असेल तर खुंटीला टांगायचा, नाहीतर सोबत न्यायचा. भिंतीकडे पाहिलं की कोणाची वाट पाहायची ते कळायचं.

एका उन्हाळ्यात लंडनहून मेजर लॅथम आले. शेजारचा देश बेटांवर हक्क सांगत होता. त्याने फौज उतरवली तर बेटं राखायची कशी, याची योजना त्यांना आखायची होती. दिवसभर ते किनारे पाहत हिंडायचे आणि संध्याकाळी माझ्यातून चहा प्यायचे, तोही पाकासारखा गोड. मला आवडायचा तो माणूस.

बाईंची लेक नेट्टा बाळंतीण होती. तिच्या नवऱ्याला न्यूझीलंडात काम मिळत होतं, पण तिचा पाय निघेना आणि बाईंनाही तिला सोडवेना. मेजर निघाले त्या दिवशी बाईंनी सरळच विचारलं.

"मेजरसाहेब, ते आलेच, तर तुमची माणसं वेळेवर पोचतील का?"

"ते सांगायची मला परवानगी नाही, बाई."

"नका सांगू तर. चहा संपवा."

मेजरांनी मला धुतलं, पुसलं आणि खुंटीपर्यंत नेलं. तिथे ते थबकले. आणि टांगायच्या ऐवजी मला पिशवीत घातलं. आमची माणसं वेळेवर पोचणार नाहीत, हे त्यांनी तोंड न उघडता सांगितलं होतं. बाईंची पावलं नेट्टाच्या खोलीकडे वळली.

लंडनच्या कचेरीत माझ्यात रंगीत पेन्सिली खोचल्या. चहाचा जीव माझा, काय वाटलं असेल! दर बैठकीत मेजर तेच सांगायचे. अंतर फार आहे, शिपाई मूठभर आहेत. एकतर पुरती फौज ठेवा, नाहीतर तिथल्या लोकांना खरं काय ते सांगा. वरचे साहेब मान डोलवायचे, खर्चाचं विचारायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा बसायचं ठरायचं.

अशी वर्षं गेली आणि एका एप्रिलमध्ये ती फौज उतरलीच. इकडून जहाजं निघाली, पण पोचायला आठवडे लागले. बेटं परत मिळाली. दोन्हीकडची तरणीताठी पोरं गेली. त्या दिवसांत मेजर मला रिकामाच दोन्ही हातांत धरून बसायचे.

निवृत्त झाल्यावर ते मला घेऊन बेटावर गेले. इशबेलबाई पार वाकल्या होत्या. घराची एक बाजू नव्याने बांधलेली दिसत होती. लढाईत तोफगोळा तिथेच पडला होता, बाळाच्या खोलीवर. तेव्हा खोली रिकामी होती, कारण नेट्टा बाळाला घेऊन त्याआधीच न्यूझीलंडला गेली होती. जाताना तिने आपला लाल मग खुंटीला टांगला होता. तो तसाच होता.

"येते का ती?" मेजरांनी विचारलं.

"येईन म्हणते. सुखात आहे." बाईंनी माझ्यात चहा ओतला. "तुम्ही खरं सांगितलंत म्हणून आहे."

निघताना मेजरांनी काठी टेकत मला धुतलं आणि खुंटीला टांगलं.

"या वेळी खोटं सांगताय," बाई म्हणाल्या.

"हो. या वेळी चालेल."

ते पुन्हा आले नाहीत. मित्रांनो, लांबच्या माणसांना येतो म्हणाल, तर जा. जमणार नसेल, तर वेळेवर कळू द्या. त्यांच्या घरात लेकरं निजलेली असतात. आणि टवके उडाले म्हणून आम्हाला फेकू नका. इशबेलबाई रोज सकाळी भिंतीवरचे मग पुसतात. आधी लाल, नंतर मी.