फिटरसाठी टाकलेला शब्द

“आधी घाम पूस. आणि विचारलं की तोंडाने उत्तर दे, नुसती मुंडी हलवू नकोस,” रेडिओने फिटरला बजावलं आणि नव्या कारखान्याच्या मालकीणबाईंच्या, मॅडमच्या, केबिनचं दार ढकललं.

रेडिओ हा पंख्यांच्या कारखान्यातला स्टोअरकीपर. अखंड बोलायचा, म्हणून हे नाव. कारखाना बंद पडून पाच महिने झाले होते. तेव्हापासून माल पोचवणारे ड्रायव्हर, कँटीनवाला, जुनी गिऱ्हाइकं अशा सगळ्यांच्या ओळखी उकरून त्याने सहा जणांना कुठे कुठे चिकटवलं होतं. स्वतः अजून घरीच. बायको म्हणायची, “सगळ्या जगाला कामाला लावलंत, आता घरातल्या माणसाचंही बघा!”

त्याच कारखान्यातला फिटर नेमका उलटा. हातात जादू, पण जिभेला जणू गाठ. तीन मुलाखतींतून मान खाली घालून परतला होता.

आजही तेच. मॅडमनी अनुभव विचारला.

“बावीस वर्षं,” फिटर म्हणाला. पुढे गाडी अडली.

मग रेडिओने सूत्रं हाती घेतली. ऐन ऑर्डरच्या वेळी पंख्याची पाती कापायची प्रेस बंद पडली, इंजिनिअर दोन दिवस डोकं धरून बसला आणि फिटरने नुसता कान लावून बेअरिंग गेल्याचं सांगितलं, ते सगळं त्याने असं रंगवलं की मॅडम खळखळून हसल्या.

“खरं सांगू?” त्या रेडिओला म्हणाल्या. “तुमच्यासारखा माणूस मिळाला तर खरेदी, स्टोअर, सगळं सोपवीन. पण सध्या एकच जागा भरता येईल.”

रेडिओच्या डोळ्यांपुढे बायकोचा चेहरा आला.

तेवढ्यात फिटर उठला. “यांनाच घ्या मॅडम. माझं बघू नका.”

रेडिओने बाही धरून त्याला खाली बसवलं. “मॅडम, मी यंत्रांशी तासभर गप्पा मारीन हो, पण ती माझं ऐकणार आहेत का? याचं ऐकतात.”

सोमवारी फिटर कामावर रुजू झाला. त्याला फाटकापर्यंत सोडायला रेडिओ आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून.

“तुम्ही नाही आत जाणार?” रखवालदाराने विचारलं.

“छे, मी नुसता पोचवायला आलो.” रेडिओने त्याच्याकडून पाणी मागून घेतलं. “बरं, या रस्त्यावर किती कारखाने आहेत हो? कुणाला स्टोअरकीपर हवाय असं कानावर आलंय?”

रखवालदाराने स्टूल पुढे सरकवलं.