नांगराची खाच

आमच्या घरात व्हिनेगर सॅलडला कमी आणि गंजाला जास्त लागतं. माझा नवरा ओमेर मागच्या शेडमध्ये बसून पहिल्या महायुद्धातलं सामान साफ करतो. शेतातून निघालेली तोफगोळ्यांची रिकामी नळकांडी, गोळ्यांच्या टोकावरची पितळी टोपणं, असलंच सगळं. गावाला वाटतं, म्हाताऱ्याला छंद आहे. छंद! कपाळ माझं.

हे सुरू झालं आमचा वान्नेस गेल्यावर. एकुलता एक मुलगा, एकोणीस वर्षांचा. गव्हासाठी नांगरट चालली होती आणि फाळ एका गोळ्यावर खणकन आदळला. त्यात नवल काहीच नाही, दर हंगामात निघतात. उचलायचे, रस्त्यावरच्या विजेच्या खांबापाशी ठेवायचे, लष्कराची गाडी येऊन नेते. उचलू नका म्हणून पत्रकं येतात, पण उचलतात सगळेच. ओमेरने ट्रॅक्टरवरूनच पाहिलं आणि म्हणाला, "छर्र्यांचा आहे, गरीब असतो तो. ने खांबापाशी." खांबापाशी शेजाऱ्यांचे दोन गोळे आधीच पडलेले होते. मी सूपासाठी गाजरं चिरत होते. खिडकीच्या काचा माझ्या अंगावर आल्या.

तिघांतला आधी कोणता फुटला, ते लष्कराच्या माणसांनाही सांगता येईना. शेजाऱ्यांचाही असेल, या एवढ्याशा शंकेवर ओमेर अठ्ठावीस वर्षं जगला. खरं सांगायचं तर मीही.

त्या गोळ्याचं टोपण दोन प्रकारचं असतं, आणि चिखलात दोन्ही सारखीच दिसतात. कडेला नुसतं ८० ठोकलेलं असेल तर आत छर्रे आणि चिमूटभर दारू. ८० च्या पुढे तिरकी रेघ आणि ४४ असेल, तर पोटभर स्फोटक. म्हणून तर ओमेर कुणालाही वायरब्रश लावू देत नाही. व्हिनेगर, पाणी, लाकडी काडी आणि धीर. ब्रशने पितळ चमकतं, पण अक्षरं जातात. एकदा बहिणीला भेट द्यायला म्हणून मी एक टोपण ब्रशने घासलं, तर हा बाबा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

या ऑक्टोबरात योरिस आला. आमची जमीन आता तोच कसतो. त्याच्या हातात पितळी टोपणाचा फाटका, अर्धा तुकडा होता.

"ओमेर, खांबाजवळच्या चरात सापडलं. म्हटलं, तुम्हाला आधी दाखवावं."

ओमेरने अंगठ्याने चिखल पुसला. कडेला आडवी खाच होती. तो दारातच खाली बसला. "आल्मा," म्हणाला, "आपल्या फाळाची आहे ही."

अकरा दिवस तो तुकडा व्हिनेगरमध्ये होता आणि अकरा दिवस माझा जीव टांगणीला. ओमेरचं जेवणावरचं लक्ष उडालं. रोज सकाळी एकच.

"छर्र्यांचाच असेल ना गं?"

"असेल."

"असेल काय? नीट सांग की!"

"मी काय त्याच्या पोटात शिरून आले होते? लापशी खा आधी, गार होतेय."

बाराव्या दिवशी त्याला शहरात, ईपरला, दातवाल्याकडे जायचं होतं. "आल्यावर शेवटचा थर काढू," म्हणाला, "तोवर हात लावू नकोस." गाडी वळली आणि मी शेडमध्ये. काडीने हळूहळू टोकरलं. आठ आलं. शून्य आलं. मी रडायलाच लागले, आनंदाने. म्हटलं, तशीच पळत सुटावं आणि त्याला गाठावं. मग काडी पुढे सरकली आणि तिरकी रेघ दिसली. त्यापुढे चार, आणि पुन्हा चार.

आधी राग आला. असा राग की तो समोर असता तर त्याच तुकड्याने मारलं असतं त्याला. माझं पोर याच्या एका शब्दावर गेलं! मग खुंटीवरचा त्याचा एप्रन दिसला, मीच ठिगळ लावलेला. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, उरलेत किती दिवस त्याचे? मी वायरब्रश मशीनला लावला आणि सगळं घासून टाकलं. तुकडा चमच्यासारखा लख्ख झाला.

ओमेर आला, कोट न काढताच शेडमध्ये गेला. तुकडा खिडकीपाशी धरून बराच वेळ फिरवत राहिला.

"ब्रश तू लावलास?"

"हो. म्हटलं, तेवढीच तुला मदत. अक्षरं मुळातच झिजली होती रे, काही दिसत नव्हतं."

"आल्मा." त्याचा आवाज चढला नव्हता. "नुसतं ऐंशी असतं, तर तू एप्रनसकट ईपरला धावत आली असतीस. मला त्या खुर्चीवरून ओढून काढलं असतंस."

 अक्षरं पुसून मीच त्याला ती वाचून दाखवली होती.

त्याने तुकडा खिशात घातला आणि रस्त्याकडे चालायला लागला. अठ्ठावीस वर्षं तो त्या खांबाला वळसा घालून चर्चला जातो. आज सरळ तिथे गेला, तुकडा बुडाशी ठेवला आणि ओल्या गवतात बसला. मी दोन कप कॉफी घेऊन गेले. त्याने कप घेतला, पण प्याला नाही.

"त्याने विचारलं होतं गं," ओमेर म्हणाला. "'पप्पा, नक्की ना?' म्हणून विचारलं होतं. मी ट्रॅक्टर चालू केला."

हे त्याने मला आजवर कधी सांगितलं नव्हतं.