चढावरची टॅक्सी

सेआंगांगाच्या चढावर सुब्रमणींच्या टॅक्सीचं पाणी पुन्हा उकळलं, तेव्हा मागे नर्स लोसालिनी बसली होती. तिने थोडा वेळ वाट पाहिली, मग पिशवी उचलून चालू लागली. नर्स आपल्या गाडीतून उतरून पायी जाते, हेच सुब्रमणींच्या मनाला लागलं.

दोष कुणाचा, हे त्यांनी घरी पोचायच्या आतच ठरवलं. जावई रोनलचं लंबासा शहरात गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. थर्मोस्टॅट त्याच्याकडचाच, गाडीच्या कंपनीचा नव्हे, बाहेरच्या बनावटीचा. पाणी तापल्यावर ही झडप वेळेवर उघडली नाही की ते इंजिनातच अडकतं. सुब्रमणींनी राजधानी सुवाहून कंपनीचा मागवला. बोट आली, डबी आली, आणि रविवारी जेवायला रोनल आला. सुब्रमणींनी टॅक्सीतली झडप आधीच काढून ठेवली होती.

झडपा उकळून पाहायला सुब्रमणींच्या बायकोने, सलोचनाने, डाळीचं पातेलं द्यायला नकार दिला. शेवटी चहाच्या भांड्यात दोन्ही झडपा दोऱ्याला बांधून सोडल्या आणि सासरा-जावई शेगडीपाशी उभे राहिले. पाण्यावर वाफ दिसू लागली. दोन्ही झडपा बरोबरच उघडल्या.

सुब्रमणींनी गॅस बंद केला. पाणी गार झाल्यावर पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"आता जेवायला वाढू का?" सलोचनाने विचारलं.

 जेवून हात धुतल्यावर रोनल गाडीखाली शिरला, आणि बराच वेळ बाहेर आला नाही. मग सासऱ्यांना म्हणाला, "मामा, झडप चांगली आहे. रेडिएटर वाईट आहे. तोही माझ्याच दुकानातला."

त्याने सुब्रमणींच्या गॅरेजमागे पडलेल्या, मागून ठोकर लागलेल्या तसल्याच गाडीतला कंपनीचा रेडिएटर काढून आणला. टॅक्सीतलाही सोडवून दोन्ही अंगणात शेजारी ठेवले. कंपनीचा जुना दोन बोटं जाड होता. टॅक्सीतला नवा त्याच्या निम्मा. सुब्रमणींनी दोन्ही उचलून पाहिले.

"विकताना दिसलं नाही तुला?"

"खोक्यात होता, मामा. आणि सपाटीवर चालतो."

"मी सपाटीवर राहतो का?"

 रोनलने पाना घेतला. अंधार पडेपर्यंत दोघांनी मिळून जुना रेडिएटर बसवला, आणि झडप रोनलच्याच दुकानातली ठेवली.

सोमवारी सुब्रमणी रिकामी टॅक्सी घेऊन तो चढ चढले. तापमानाचा काटा मध्यावरून हलला नाही. वर पोचल्यावर गाडी थांबवून त्यांनी मुलीला फोन केला.

"तुझा नवरा माल वाईट ठेवतो," ते म्हणाले, "पण कबूल करतो."