लाल डोळ्याची सवत

मित्रांनो, मी एक जुनी पाणसळ. सागवानी अंग, पितळेच्या टोप्या आणि पोटात काचेची नळी. नळीतला बुडबुडा मधोमध थांबला की जागा सपाट. निम्मा हिमालय माझ्या शब्दावर उभा आहे. खोटं वाटत असेल तर त्याला विचारा.

माझे धनी कर्नल माचय्या, कोडगूचे. फौजेत पूल बांधायचे. बर्फात सगळ्यांचा चहा कपातच गोठायचा, पण मला साहेब काखेत घेऊन बसायचे. एकदा एका याकनं मला चाटलं. जीभ पितळेला चिकटली आणि तो मला घेऊन सात कोस पळाला. साहेब मागे धावत. बायकोसाठी कधी एवढे धावले नसतील.

बायको म्हणजे चोंदम्मा. त्या विचारायच्या, "लग्न माझ्याशी केलंत की त्या लाकडाशी?"

"ती तुझ्या आधीची आहे," साहेब म्हणायचे. मी आतून फुलायची.

फौजेनंतर साहेबांनी सरकारी रस्ते बांधले आणि मग एका खाजगी कंपनीत लागले. तिथं ती आली. लेझरवाली पाणसळ. लाल डोळा काय, गादीची पेटी काय! साहेब तिला स्वतःच्या रुमालानं पुसायचे. मला खिडकीत ठेवलं. दोन उन्हाळे तापून माझं अंग वाकलं. मला कळलं होतं, पण मी कशाला सांगू?

पुढे कॉफीच्या मळ्याजवळ ओढ्यावर कंपनीचा पूल आला. खांबाच्या माथ्यावर तुळई बसवायची होती. लाल डोळी म्हणाली, सपाट आहे. साहेबांना राहवेना, त्यांनी मला मागवलं. माझा बुडबुडा गेला डावीकडे.

"म्हातारी नाही म्हणतेय. वेलू, डावी बाजू तासून घे."

वेलू मेस्त्री फौजेपासूनचा सोबती. "साहेब, लेझर बरोबर दाखवतंय."

"ती कालची पोर. हिनं मला तीस वर्षांत दगा दिला नाही."

काय सांगू, मला आभाळ ठेंगणं झालं.

वेलूनं छिन्नी उचलली. "आणि पहिला ट्रक जाताना?"

"नेहमीसारखा खाली उभा राहीन. ज्यानं पूल बांधला त्यानं खाली उभं राहायचं."

माझा बुडबुडा घशाशी आला. चुकीचं तासलं तर तुळई सरकणार, आणि खाली माझेच साहेब. पाणसळ खरी की खोटी हे बघायला तिची टोकं फिरवून तिथंच ठेवतात. बुडबुडा खांबाच्या त्याच बाजूला गेला तर ती खरी. पूर्वी साहेब रोज फिरवायचे, आज लाडात विसरले.

त्यांनी मला उचललं तशी मी मुद्दाम निसटले. वेलूनं झेललं आणि परत ठेवलं ते उलट्या टोकानं. बुडबुडा उजवीकडे.

साहेबांनी माझ्या अंगावरून बोट फिरवलं. "तू वाकलीस गं."

वेलू हळूच म्हणाला, "कंबर तुमचीही वाकलीय, साहेब. तुम्हाला कुणी खिडकीत ठेवलं का?"

खांब तासला नाही. तुळया बसल्या, पूल झाला. पहिला ट्रक आला, दगडांनी गच्च भरलेला. लाल डोळीला मोडतोड नको म्हणून लांब जीपमध्ये गादीवर ठेवलं. साहेब पुलाखाली गेले आणि मला काखेत धरलं. वर गडगडाट झाला, धूळ पडली, पूल जागचा हलला नाही.

ती जीपमध्ये. मी काखेत. एवढंच तिला कुणीतरी सांगा.

मित्रांनो, वस्तू कितीही लाडकी असो, कधीतरी फिरवून बघा. आणि म्हाताऱ्यांना उन्हात टाकू नका. मी सपाटी चुकीची सांगते, पण काखेत अजून बरोबर बसते.